घरच्या मशीनवर आईस्क्रीम: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

होळी झाली की माझा फोन वाजायला लागतो. कुणाला लग्नाच्या वाढदिवसाला आईस्क्रीम मशीन भेट आलेलं असतं, कुणी आमच्याकडे खाऊन गेल्यावर मागवलेलं असतं. तक्रारी ठरलेल्या असतात. दगड झालं, कचकच लागतं, नाहीतर गोठलंच नाही. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा बसून लिहिलं. पंचवटीतल्या एका साध्या स्वयंपाकघरात पाच-सहा उन्हाळे चुका करून जे कळलं, ते हे.

मशीन कशाला हवं? दूध फ्रीजरमध्ये ठेवलं तरी गोठतंच की.

गोठतं, पण त्याचा गोड बर्फ होतो. दुधात बहुतांश पाणी असतं. ते निवांत गोठू दिलं की बर्फाचे कण मोठे होत जातात आणि तेच जिभेला कचकच लागतात. मशीनमध्ये थंड भिंतीवर पातळ थर धरला की पातं लगेच तो खरवडून आत ढकलतं. कणांना मोठं व्हायला सवडच मिळत नाही. त्याच वेळी थोडी हवाही मिसळते. कुल्फीत हे घुसळणं नसतं, म्हणून ती घट्ट आणि जड लागते. तिची मजा दूध आटवण्यात आहे.

आणखी एक लक्षात ठेवा. साखर विरघळलेली असल्यामुळे मिश्रण शून्य अंशाला गोठत नाही. उणे अडीच-तीनच्या आसपास गोठायला लागतं. मशीनमधून काढतो तेव्हा ते उणे पाच-सहाला असतं आणि त्यातलं जेमतेम निम्मं पाणी गोठलेलं असतं. म्हणून ते श्रीखंडापेक्षा थोडं घट्ट दिसलं की मशीन थांबवायचं. उरलेलं गोठणं फ्रीजरमध्ये. ‘अजून घट्ट होऊ दे’ म्हणून तासभर फिरवत ठेवणारे पुढे लोण्याची तक्रार घेऊन येतात.

कोणतं मशीन घ्यावं?

घरगुती मशीनचे मुख्य प्रकार तीन. पहिलं म्हणजे आपलं जुनं पॉट, म्हणजे लाकडी पिंप, आत डबा, भोवती बर्फ आणि खडे मीठ. हाताने फिरवायचं असतं, हल्ली मोटर लावलेलंही मिळतं. दुसरं, दुहेरी भिंतीच्या वाडग्याचं मशीन. वाडग्याच्या भिंतीत एक द्रव असतो, तो गोठावा म्हणून वाडगा आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि मग मोटरवर बसवायचा. तिसरं कॉम्प्रेसरचं. त्याचा स्वतःचाच छोटा फ्रीज असतो, तयारी काही नाही, एका पाठोपाठ दोन-तीन घाणे निघतात. पण ते वाडग्याच्या मशीनच्या कित्येक पट महाग आणि ओटा अडवून बसतं.

चार माणसांच्या घराला वाडग्याचं पुरतं. वीसेक पाहुणे येणार असतील तर मी अजूनही शेजारून पॉट मागून आणते.

वाडगा २४ तास फ्रीजरमध्ये ठेवला, तरी दूध पातळच राहिलं. मशीन खराब आहे का?

बहुतेक वेळा मशीन ठीक असतं, फ्रीजर कमी पडतो. वाडग्याला उणे १८ अंश लागतात. एका दाराच्या फ्रीजचा वरचा कप्पा बर्फ करतो, पण तिथवर क्वचितच पोचतो. वाडगा बाहेर काढून कानाशी हलवून बघा. आत डुचमळल्याचा आवाज आला तर तो तयार नाही. वापरू नका.

दुसरं कारण कोमट मिश्रण. वाडग्यात साठवलेला गारवा मोजकाच असतो. तुम्ही ३० अंशाचं दूध ओतलंत तर निम्मा गारवा ते दूध थंड करण्यातच खर्च होतो. मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून चार-पाच अंशाला आणा. रात्रभराचा आणखी फायदा म्हणजे दुधातली चरबी थंड होऊन घट्ट बसते आणि आईस्क्रीम जास्त मुलायम होतं.

तिसरं कारण आपलं हवामान. एप्रिल-मेमध्ये दुपारी नाशिकचा पारा ३८-४० वर जातो आणि बंद स्वयंपाकघरात शेगडीशेजारी मशीन लावलं की वाडगा वीस मिनिटांत दम तोडतो. मी सकाळी सातच्या आत उरकते. वाडगाही शेवटच्या क्षणी काढते. आधी मशीन लावायचं, पातं बसवायचं, मोटर सुरू करायची, मग वरून मिश्रण ओतायचं. थांबलेल्या वाडग्यात ओतलं तर भिंतीवर गोठून पातं अडकतं.

पॉटमध्ये मीठ का घालतात? किती घालायचं?

नुसता बर्फ वितळताना शून्याच्या खाली जात नाही आणि आपलं मिश्रण तर उणे तीनला गोठायला लागतं. म्हणजे नुसत्या बर्फात दिवसभर दांडा फिरवला तरी हाती थंड दूधच. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो आणि वितळायला लागणारी उष्णता डब्यातून ओढून घेतो. मीठ-पाण्याचं मिश्रण जास्तीत जास्त उणे २१ अंशापर्यंत उतरू शकतं. घरच्या पिंपात उणे १२ ते १५ मिळालं तरी खूप झालं.

वजनाने चार-पाच भाग बर्फाला एक भाग खडे मीठ. बारीक मीठ लगेच विरघळून तळाला जातं, ते नको. मीठ जास्त झालं तर डब्याच्या भिंतीवर भराभर गोठतं आणि दांडा जाम होतो. मग सगळे म्हणतात ‘झालं, झालं’ आणि उघडून बघावं तर मधे दूध तसंच.

दांड्याच्या या मशीनचं पेटंट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ साली घेतलं. आपल्याकडे ते इतकं रुळलं की आमच्या लहानपणी तो पूर्णपणे घरचाच कार्यक्रम होता. पिंपावर गोणपाट, गोणपाटावर सगळ्यात जड भाऊ, आणि बाकीच्यांनी पाळीपाळीने दांडा फिरवायचा. तो गोणपाट केवळ बसायला नसायचा बरं का. बाहेरची ऊन हवा बर्फापर्यंत जाऊ नये म्हणून असायचा.

बर्फाची लादी कुठली चालेल? निळा बर्फ दिसतो तो कसला?

महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम आहे. पॉटमध्ये बर्फ डब्याच्या बाहेर असतो, त्यामुळे तो चालतो. पण झाकण उघडण्याआधी वरचं पाणी आणि मीठ कपड्याने नीट पुसा. एक थेंब आत गेला तरी सगळा घाणा खारट होतो. सरबताला मात्र त्यातला खडा घेऊ नका. मुलं घेतात, लक्ष ठेवावं लागतं.

दूध, साखर, क्रीम यांचं भरवशाचं प्रमाण सांगा.

म्हशीचं दूध अर्धा लिटर, २५ टक्के फॅटची साधी क्रीम २५० मिली, साखर १३० ग्रॅम, दूध पावडर ३० ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर एक सपाट मोठा चमचा, मीठ चिमूटभर. दीड लिटरच्या वाडग्यात हे बरोबर बसतं. काठोकाठ भरायचं नाही, फुलायला जागा हवी.

थोड्या गार दुधात कॉर्नफ्लॉवर आणि पावडर कालवून ठेवा. बाकीचं दूध साखर घालून उकळा, कालवलेलं त्यात घाला आणि चमच्याच्या पाठीवर थर धरेपर्यंत ढवळा. गॅस बंद करून क्रीम घाला, गाळा, पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून उतरवा आणि फ्रीजमध्ये ढकला. ओट्यावर तासन्‌तास निवत ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात दूध नासतं.

या प्रमाणात चरबी दहा टक्क्यांच्या थोडी वर जाते. आपल्याकडे ‘आईस्क्रीम’ म्हणून विकायच्या मालात दुधाची चरबी किमान दहा टक्के हवी असा नियम आहे, म्हणजे आपण त्या रेषेच्या वर आहोत. गवळ्याचं म्हशीचं दूध साधारण सहा-सात टक्क्यांचं असतं. गाईचं घेतलंत तर आधी थोडं आटवा, नाहीतर क्रीम वाढवा.

जीएमएस आणि सीएमसी पावडर घालावी का? ती केमिकल असते ना?

मीठही केमिकलच. सीएमसी पाणी धरून ठेवते, त्यामुळे बर्फाचे कण वाढत नाहीत. जीएमएस चरबी आणि पाणी यांची सांगड घालते. रविवार कारंजाच्या आसपास केकचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत चौकशी करा, छोटी पाकिटं मिळतात. वरच्या प्रमाणाला सीएमसी पाव चहाचा चमचा पुरते. ती साखरेत कोरडी मिसळूनच घाला, थेट दुधात टाकली तर गुठळ्या सुटणार नाहीत. जीएमएस गरम दुधातच विरघळते. पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या.

माझं मत: मशीन असेल आणि दोन-तीन दिवसांत संपवणार असाल तर दोन्हीची गरज नाही, कॉर्नफ्लॉवर भागवतो. मशीन नसेल, मिक्सर-बीटरवर करणार असाल, तर मात्र या पावडरी खरंच उपयोगाच्या आहेत.

खाल्ल्यावर टाळूला तुपकट थर बसतो.

मिश्रण पुरेसं गार नव्हतं, किंवा फार वेळ फिरवलंत. घुसळणं आणि ताक करणं यात फार अंतर नाही. क्रीमचा हात सैल सोडला तरी असं होतं. जास्त क्रीम म्हणजे जास्त चांगलं, असं आईस्क्रीममध्ये नसतं.

दुसऱ्या दिवशी दगड होतो. चमचा वाकला!

साखर कमी केलीत का? बहुतेक जण करतात, मग सांगतात. आईस्क्रीममध्ये साखर गोडीसाठी असते त्याहून जास्त मऊपणासाठी असते. ती काही पाणी गोठूच देत नाही. स्टीव्हियासारखी गोळी टाकून केलं तर गोडी येते, पण पाणी सगळं गोठतं आणि लादी तयार होते. मधुमेह असलेल्या घरच्यांसाठी करायचं तर ताजं, मशीनमधून थेट वाटीत द्या. साठवायच्या भानगडीत पडू नका.

दुसरं कारण म्हणजे घरच्या आईस्क्रीममध्ये हवा कमी असते. बाजारातल्या आईस्क्रीमला नियमाने लिटरमागे किमान ५२५ ग्रॅम वजन लागतं, म्हणजे डब्याचा मोठा भाग हवा असू शकते. आपलं त्याहून बरंच जड भरतं. वाढण्याआधी दहा मिनिटं डबा खालच्या कप्प्यात काढून ठेवा, एवढाच उपाय.

नाशिकला राहून द्राक्षांचं आईस्क्रीम जमत नाही, हे बरं दिसतं का?

बरं दिसत नाही, पण द्राक्ष अवघडच आहे. माझे पहिले तीन घाणे वाया गेले. पहिल्यात थॉमसन या हिरव्या द्राक्षांचा रस काढून सरळ दुधात घातला. चव कुठेच नाही, वर बर्फाचे खडे. द्राक्षात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पाणी आटोक्यात ठेवायला आपण आटवा-आटवी करतो आणि मग तेच पाणी रसाच्या रूपाने परत ओततो. दुसऱ्यात अख्खी द्राक्षं घातली. ती गोठून गोट्यांसारखी झाली, सासूबाईंचा दात थोडक्यात वाचला. तिसऱ्यात रस गरम दुधात घातला आणि दूध फाटलं. द्राक्षात आंबटपणा असतो हे विसरले होते.

आता करते ते असं. शरद सीडलेससारखी काळी द्राक्षं एक किलो. रंग आणि वास दोन्ही सालीत असतात, म्हणून हिरव्यापेक्षा काळी बरी. धुऊन, सालीसकट मिक्सरमधून एकदाच फिरवून, पसरट कढईत मध्यम आचेवर आटवायची. साधारण ३५० ग्रॅम उरलं की गाळणीवर दाबून गाळायचं. जॅमच्या थोडं अलीकडे थांबायचं, करपट वास आला की सगळं गेलं. हा गर पूर्ण गार करून रात्रभर गार केलेल्या मिश्रणातच घालायचा. थंडाला थंड, मग फाटत नाही.

साखरेचं गणित इथे बदलतं. किलोभर गोड द्राक्षात १७० ग्रॅमच्या आसपास साखर असते, ती सगळी त्या गरात गोळा होते. शिवाय ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. वजनाला वजन धरलं तर ती आपल्या साखरेच्या जवळजवळ दुप्पट जोराने गोठणं लांबवते. म्हणून वरच्या प्रमाणात १५० ग्रॅम गर घालायचा आणि साखर १३० वरून ५० ग्रॅमवर आणायची. तसं केलं नाही तर सकाळपर्यंत डब्यात बासुंदी. उरलेला गर वरून घालायला ठेवा.

दातांखाली काही हवं असेल तर द्राक्षं नकोत, बेदाणे घ्या. गरम साखरपाण्यात तासभर भिजवून, निथळून, मशीन थांबवायच्या शेवटच्या दोन मिनिटांत घालायचे. आत साखर मुरलेली असल्याने ते फ्रीजरमध्येही मऊ राहतात. खरं सांगायचं तर नाशिकचं आईस्क्रीम म्हणून मी पाहुण्यांना हेच वाढते, केशर-बेदाणा. गराचं आईस्क्रीम जांभळं, देखणं होतं, पण आटवल्यावर ताज्या द्राक्षाचा कुरकुरीत आंबटगोडपणा राहत नाही. तो हवा असेल तर सरळ घड घ्या आणि खा.

बाकीची फळं?

सुरगाण्याची स्ट्रॉबेरी जानेवारी-फेब्रुवारीत सापुताऱ्याच्या रस्त्याला टोपल्यांनी मिळते. चिरून साखर लावून तासभर ठेवा, सुटलेल्या पाकासकट दहा मिनिटं शिजवा, गार करा. कच्ची घातली तर तीही गोटी होते.

सीताफळ सर्वांत सोपं. गर आधीच दाट आणि गोड. बिया काढायचा कंटाळा हीच काय ती अडचण. मिक्सर वापरू नका, बी फुटली तर कडवट चव उतरते आणि ती खाण्याजोगीही नसते. आंब्यात केसर रंगाला आणि वासाला छान. शिजवायची गरज नाही, साखर थोडी कमी करा. सटाण्याकडच्या डाळिंबाचा नुसता रस दुधात वाया जातो, मी त्याचं दुधाशिवाय सरबती आईस्क्रीम करते. करवंदं आणि जांभळं यांनाही तोच न्याय.

अननस मात्र कच्चा घालू नका. त्यातल्या एन्झाइममुळे दूध कडू पडतं. पाच-सात मिनिटं शिजवला की तो धोका जातो.

कोजागिरीचं मसाला दूध उरलं तर?

यासारखं दुसरं मिश्रण नाही! आटवलेलं आहे, गोड आहे, केशर-जायफळ आहे. चव घेऊन बघा. थंड पदार्थाची गोडी कमी जाणवते, म्हणून प्यायला ‘जरा जास्तच गोड’ वाटेल इतकी साखर हवी. कमी असेल तर वाढवा, अर्धी वाटी क्रीम घाला आणि सुक्या मेव्याचे मोठे तुकडे गाळून काढा, ते पात्यात अडकतात. मात्र गच्चीवर रात्रभर चांदण्यात राहिलेलं दूध नको. प्यायचं झाल्यावर लगेच फ्रीजमध्ये गेलेलं असेल तरच.

उपवासाला चालतं का?

कॉर्नफ्लॉवर आणि त्या दोन पावडरी वगळा. त्याऐवजी शिंगाड्याचं पीठ एक चमचा, गार दुधात कालवून, चांगलं शिजवून. आमच्याकडे आरारूटही चालतं, तुमच्या घरच्या मोठ्यांना विचारा. दूध थोडं जास्त आटवलंत तर दोन्हीशिवायही होतं.

गूळ?

उकळत्या दुधात गूळ घातला तर दूध फाटायची शक्यता मोठी. दूध गार झाल्यावर गुळाचा गाळलेला गार पाक घाला. रंग चहासारखा येतो, चव मात्र सुंदर.

नाशिकची वाईन घालून बघावी का?

दोन-तीन चमचे. अल्कोहोल घरच्या फ्रीजरमध्ये गोठत नाही, त्यामुळे कपभर ओतलीत तर घाणा बसणारच नाही. आटवून पाकासारखी केलीत तर वरून घालायला छान लागते.

दुकानातल्या डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेलं असतं. म्हणजे काय?

त्यात दुधाच्या चरबीऐवजी पूर्ण किंवा काही प्रमाणात वनस्पती तेल-तूप असतं. बनावट नव्हे, वेगळा पदार्थ. पण किंमत देताना डबा उलटा करून वाचावा आणि मिलीबरोबर ग्रॅमही बघावेत.

लाईट गेली आणि आईस्क्रीम वितळलं. परत गोठवू?

नको. पहिलं कारण पोटाचं. वितळलेल्या दुधात जंतू वाढतात आणि गोठवल्याने ते मरत नाहीत. दुसरं कारण चवीचं. विस्कटलेली घडी परत बसत नाही, मोठे कण येतात. लाईट गेली की फ्रीजर उघडून ‘बघू काय झालंय’ करणं बंद करा. भरलेला, बंद फ्रीजर बराच वेळ गारवा धरतो. कडेने नुसतं मऊ झालं असेल तर त्याच दिवशी मिल्कशेक करून संपवा.

एरवी घरचं आईस्क्रीम आठवडाभर चांगलं राहतं. उथळ डबा, वर चिकटून प्लास्टिकचा कागद, आणि फ्रीजरच्या आतल्या बाजूला. दारापाशी ठेवलं की उघडझाप होऊन दर वेळी थोडं वितळतं, थोडं गोठतं, आणि आठवड्याच्या शेवटी कचकच सुरू.

मशीन धुवायचं कसं? आणि पॉटमधल्या खाऱ्या पाण्याचं काय?

वाडगा रिकामा झाल्यावर लगेच पाण्याखाली धरू नका. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लोखंडी किंवा टोकदार चमच्याने खरवडू नका, भिंतीला चीर गेली तर आतला द्रव बाहेर येतो आणि वाडगा कायमचा गेला. लाकडी उलथनं वापरा. धुऊन पूर्ण कोरडा करूनच फ्रीजरमध्ये, नाहीतर पुढच्या वेळी वर बर्फाचा पापुद्रा.

पॉटचा डबा, पातं आणि वरची दातेरी चाकं साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, मिठाने गंज धरतो. चाकांना खाण्याच्या तेलाचं बोट लावून ठेवा. आणि ते खारं पाणी मोरीत, भरपूर साध्या पाण्याबरोबर. मी एकदा बादली वाया जायला नको म्हणून अंगणात ओतली होती. पंधरा दिवसांत कढीपत्त्याचं आठ वर्षांचं झाड पिवळं पडलं आणि पुढच्या पावसातही फुटलं नाही.